आकडा

रिकाम्या घरात रात्री साडेदहाला कोणीतरी एसी लावत होतं.

गणपतीला आम्ही पाच दिवस गावी होतो, संगमेश्वरच्या आत. ऐरोलीच्या घराला कुलूप, गॅस बंद, नळ बंद, कुंड्या खाली वॉचमनच्या केबिनशेजारी नेऊन ठेवलेल्या. फ्रिज तेवढा चालू होता, कारण फ्रीजरमध्ये सासूबाईंनी सोललेल्या मटारांच्या पिशव्या होत्या आणि त्यांच्या जिवावर पुढचे सहा महिने काढायचे होते. परतीच्या वाटेवर वडखळच्या आधी गाडी तासभर जागची हलेना. कंटाळून लेकीने फोनवर विजेचं ॲप उघडलं आणि मागच्या सीटवरून विचारलं, "आई, आपल्या घरात कोण आहे?"

तिने फोन पुढे केला. दर तासाला एक काडी, अशा काड्यांचा आलेख. दिवसाच्या काड्या ठेंगण्या आणि साधारण एका उंचीच्या. रात्रीचे साडेदहा वाजले की त्या उठून उभ्या राहायच्या आणि सकाळी सहाच्या सुमारास परत बसायच्या. पाचही दिवस हेच. पाच दिवसांचे मिळून २४ युनिट, माणूस एकही नसताना.

"चोर एसी लावून झोपतो का कुठे?" नवरा म्हणाला.

"गौरींना उकडलं असेल," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटून बसल्या.

माझा संशय थेट मीटरवर गेला. हे नवं स्मार्ट मीटर आल्यापासून आमच्या सोसायटीत काहीही झालं की संशय त्याच्यावरच जातो. लिफ्ट नाही म्हणून बरं, नाहीतर तीही त्याच्यामुळेच बंद पडली असती.

मीटर बदललं फेब्रुवारीत. आमची इमारत सिडकोच्या काळातली, चार मजली. जिन्याखाली मीटर रूम आहे. रूम म्हणजे लोखंडी जाळीचं दार लावलेला कोनाडा. त्यात सोळा मीटर, एक मोडकी सायकल आणि दहीहंडीच्या दोरखंडाचं भेंडोळं. दोन पोरं खांद्याला बॅगा अडकवून आली, एका दुपारीत सोळा मीटर उतरवली, सोळा चढवली. एकेका घराची वीज दहा मिनिटं गेली असेल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी "आम्हाला नको" म्हणून बघितलं, पण त्या खाली उतरेपर्यंत त्यांचं झालेलं होतं.

मी त्या वेळी खाली हजर होते, ते मामांच्या हुकमावरून. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. वीज मंडळात बत्तीस वर्षं मीटर रीडर होते. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, नावं बदलली, पण मामांच्या तोंडी आजही 'बोर्ड'च आहे. आदल्या रात्री त्यांचा फोन आला होता. "जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो काढायचा. मीटरचा नंबर त्यात दिसला पाहिजे. ती पोरं कागदावर लिहितील तो आकडा आणि तुझ्या फोटोतला आकडा एकच आहे का, ते बघून मगच सही कर." मी फोटो काढला. आकडे जुळले. सही केली. त्या फोटोचा पुढे असा उपयोग होईल, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं आणि मामांनाही.

मामांकडे मीटरच्या इतक्या गोष्टी आहेत, की लग्नकार्यात त्यांच्या शेजारच्या पाटावर बसायला लोक बिचकतात. कोपरी, नौपाडा, चेंदणी कोळीवाडा हा त्यांचा भाग. काखेत रजिस्टर, हातात टॉर्च. चाळीत मीटर असायची ती नेमकी मोरीच्या वर नाहीतर कपाटामागे, त्यामुळे अर्धं ठाणं त्यांनी स्टुलावर चढून बघितलंय. काचेआड अॅल्युमिनियमची चकती फिरायची, तिच्या कडेवर एक काळी खूण. किती फेऱ्यांना एक युनिट, ते पाटीवर लिहिलेलं असायचं. मामा स्टुलावर चढता चढताच ओळखायचे की घरात इस्त्री चालू आहे की नुसता पंखा. काही हुशार लोक काचेच्या फटीतून फोटोची निगेटिव्ह सरकवून चकती अडवायचे. "घरात चार पंखे, फ्रिज, आणि महिन्याचे बारा युनिट! वर काकू मला ताक देतायत. ताक प्यायचो आणि रजिस्टरात खूण करायचो." आणि झोपडपट्टीत सरळ तारेवर आकडा. मामांच्या बोलण्यात आकडा म्हणजे मीटरमधला कोणता आणि तारेवरचा कोणता, ते संदर्भाने ओळखायचं.

चकतीची मीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक मीटर आली, तेव्हाही 'मीटर फास्ट पळतंय' अशीच बोंब झाली होती म्हणे. मामांचं त्यावरचं उत्तर ठरलेलं आहे. "फास्ट कसलं? आधीचं म्हातारं झालं होतं." चकतीला फिरायला थोडा तरी रेटा लागतो. वर्षानुवर्षांच्या धुळीने, घासण्याने ती जड होते. मोबाइलचा चार्जर, टीव्हीच्या खोक्याचा लाल ठिपका, राउटर असल्या बारीकसारीक वापराला ती दादच द्यायची नाही. इलेक्ट्रॉनिक मीटर तो थेंब थेंब मोजतं. आताचं स्मार्ट मीटर मोजण्याच्या बाबतीत त्याहून फार वेगळं काही करत नाही. मोजलेलं दर थोड्या वेळाने ते मोबाइलच्या किंवा रेडिओच्या लहरींवरून परस्पर कळवतं, इतकंच. आणि वरून हुकूम आला तर आतल्या आत वीज तोडूही शकतं.

ही शेवटची गोष्ट कळल्यावर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी खळबळ उडाली, ती रास्त होती असं मला वाटतं. केंद्राने २०२१ मध्ये वीज वितरण सुधारणेची योजना आणली, देशभरात २५ कोटी मीटर बदलायची ठरवली, आणि ती सगळी प्रीपेड. आधी रिचार्ज, मग उजेड. महाराष्ट्रात महावितरणच्या वाट्याला सव्वादोन कोटींच्या आसपास मीटर. त्यावर इतका गदारोळ झाला, की जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. मग आलं हे पोस्टपेड. मीटर स्मार्ट, बिल पूर्वीसारखं महिन्याच्या शेवटी. थकबाकीसाठी वीज तोडायची तर विद्युत कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते, ती अटही कायम आहे. तरीही आमच्या सेक्रेटरींचा युक्तिवाद मला खोडता आला नाही. "पूर्वी वीज तोडायला माणूस यायचा. त्याला चहा पाजून दोन दिवस मागता यायचे. आता चहा कोणाला पाजू?"

मीटर फुकट मिळालं, असंही लोक म्हणतात. एका मीटरमागचा खर्च देखभाल वगैरे धरून १२ हजारांच्या आसपास. केंद्राचं अनुदान मीटरमागे फार तर ९०० रुपये. बाकीचे पैसे ठेकेदार आधी घालतो आणि पुढची काही वर्षं वीज कंपनीकडून मीटरमागे दरमहा घेतो. चोरी आणि गळती कमी होऊन, रीडिंगचा खर्च वाचून ते आपसूक भरून निघतील, असा हिशेब आहे. नाही निघाले तर? तर ते कोणाच्या तरी बिलात येणार, आणि तो 'कोणीतरी' ऐरोलीत राहत नाही, असं मानायला मी तयार नाही.

मग मे महिना आला. एप्रिल-मेची बिलं आली आणि ग्रुपवर स्क्रीनशॉटचा पाऊस. 'फेब्रुवारीत १४००, आता ३१००!' कोणीही मागच्या वर्षीच्या मेचं बिल काढून बघितलं नाही. मी काढलं. आमचं मागच्या मेलाही जवळपास तेवढंच होतं. एसी लावायचा ऐरोलीच्या मेमध्ये आणि तुलना करायची फेब्रुवारीशी, असा तो मामला. ३०० युनिटांच्या पुढे गेलं की सगळंच्या सगळं बिल वरच्या दराने लागतं, हाही एक लाडका गैरसमज. तसं नसतं. ३०० च्या वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण टप्प्यांमधली उडी मोठी असते हे खरं. पहिल्या १०० युनिटांचा दर आणि पुढच्या २०० चा दर यांत दुपटीहून जास्त फरक आहे. ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा दोन अंगठे आले आणि एक 'वीज कंपनीत कामाला आहात का वहिनी?'

अशी मी मीटरची वकील. आणि तेच मीटर आता रिकाम्या घरात रात्रभर एसी दाखवत होतं.

घरी पोचलो. कुलूप शाबूत, मटार गोठलेले, एसी बंद आणि त्याच्या रिमोटवर पाच दिवसांची धूळ. मी तक्रारच करणार होते. २०२४ च्या सुरुवातीला ग्राहक हक्कांच्या नियमांत झालेली एक दुरुस्ती वाचली होती. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरं पडताळणीचं मीटर लावायचं आणि ते किमान तीन महिने ठेवायचं. मामांना फोन केला. ते म्हणाले, "आधी घरातलं बघू. मग बोर्डाचं."

रविवारी आले. कोपरीहून चालत ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स हार्बरची लोकल. पूर्वी ठाण्यानंतर थेट ऐरोली यायचं, आता मधे दिघा गाव स्टेशन झालंय, त्याबद्दलही त्यांची तक्रार आहे. हातात जुनी टॉर्च. लेकीने फोनचा दिवा दाखवला, त्यांनी तो बघून न बघितल्यासारखा केला.

"शंभरचा बल्ब आहे का? पिवळा?"

तो सापडला माळ्यावर, मखरामागे लावायचो तो. एलईडीच्या जमान्यात तो हातात घेतला तरी ऊब आल्यासारखं वाटलं. मामांनी घरातले सगळे एमसीबी खाली केले, एकच वर ठेवला, त्यावर हॉलमधला हा बल्ब. फ्रिज बंद, राउटर बंद, इन्व्हर्टरची पिन काढलेली. लेक वर फोन घेऊन, मी आणि मामा खाली मीटर रूममध्ये, सायकल आणि भेंडोळं यांच्यामध्ये.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर लिहिलंय की ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. शंभर वॅटचा बल्ब तासाला एक दशांश युनिट खातो, म्हणजे ३२० लुकलुकी. दहा मिनिटांत ५३ व्हायला हव्यात. मामांनी कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागे चार उभ्या रेघा आणि एक आडवी असे गठ्ठे पाडायला घेतले. मी मनात मोजत होते. चौथ्या मिनिटालाच आम्ही एकमेकांकडे बघितलं. दहा मिनिटं झाली तेव्हा मामांच्या कागदावर ९१ होते. माझे ९० झाले होते, मधे एक डास चावला होता.

"मीटर फास्ट आहे," मी म्हणाले. आवाजात थोडा आनंदही असावा.

"बल्ब बंद करायला सांग."

लेकीने बंद केला. आता घरात काहीच चालू नव्हतं. मेन तेवढा वर. लाल दिवा थांबला. मी श्वास सोडला. आणि तो पुन्हा लुकलुकला. मग थांबला. साधारण पंधरा सेकंदांनी पुन्हा.

"मेनपण खाली कर म्हणावं."

मेन खाली आला. दिवा गेला तो गेलाच. आम्ही तीन मिनिटं बघत राहिलो.

"मीटर ठीक आहे," मामा म्हणाले. "घरात पाहुणा आहे."

पाहुण्याला पकडायला सेक्टरमधला वायरमन आला. त्याने टॉन्ग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरून प्रवाह मोजायचा चिमटा, लावला, तारा हुंगल्यासारख्या केल्या आणि दहा मिनिटांत आमच्या दारावरचा पॅसेजमधला जंक्शन बॉक्स उघडला. आत आमची न्यूट्रल आणि समोरच्या सरांची न्यूट्रल एकमेकींना पीळ घालून, वर काळी टेप. सरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी बेडरूमला एसी बसवला, तेव्हाच्या कोणा कारागिराला जवळ सापडली ती न्यूट्रल त्याने जोडून टाकली होती. काम झालं, एसी चालू झाला, पैसे घेऊन तो गेला.

आता यातली गंमत मामांनी सांगितली ती अशी. वीज फेजच्या तारेने घरात येते आणि न्यूट्रलने परत जाते. मीटरला दोन डोळे आहेत, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. दोन्हींतला प्रवाह सारखा असेल तर प्रश्न नाही. कमी-जास्त असेल तर मीटर जास्त असलेला धरतं. हे केलंय चोरांसाठी, कारण काही लोक अर्धी वीज जमिनीत सोडून न्यूट्रल किंवा फेज चुकवायचे. निगेटिव्ह सरकवणाऱ्यांचेच वंशज ते. सरांच्या एसीची, फ्रिजची, पंख्याची वीज त्यांच्या फेजने यायची आणि परत जाताना त्यातली काही आमच्या न्यूट्रलने जायची. आमचं मीटर म्हणायचं, गेली म्हणजे तुम्हीच वापरली असणार. चोरांसाठी बसवलेला पहारा आम्हाला नडला.

येणारी आणि परत जाणारी वीज जुळली नाही की आपोआप पडणारा साधा ईएलसीबी असता, तरी तो पहिल्याच दिवशी पडला असता. आमच्याकडे नव्हता. आता आहे. जोड सोडवून, ईएलसीबी बसवून वायरमनने घेतलेल्या पैशांत आमचं एका महिन्याचं बिलही भागलं नसतं.

संध्याकाळी सर आले. निवृत्त शिक्षक, गणिताचे. हातात रेघांचा कागद. एसी कधी घेतला, उन्हाळ्यात किती तास, हिवाळ्यात किती, त्याचे सरासरी युनिट, असा सगळा तक्ता करून आणला होता. चेहरा उतरलेला. "वहिनी, म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुमच्या विजेवर..."

मामांनी कागद हातात घेतला, वरून खाली वाचला आणि परत दिला. "सर, तुमचं मीटर तुमच्या फेजवरचा प्रवाह मोजतं. तुम्ही तुमची वीज पूर्ण भरलीत. एक पैसा कमी नाही. तीच पुन्हा हिनेपण भरली. एकच युनिट, दोन घरं."

सरांना हे समजायला गणिताचे असूनही पाच मिनिटं लागली. समजल्यावर ते खुर्चीत मागे टेकून बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी अपराधीही नाही!" त्यांना थोडं फसवलं गेल्यासारखं झालं असावं. तक्ता फार मेहनतीने केला होता.

त्या रात्री मी फेब्रुवारीतला तो फोटो काढला. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा. बोटांनी मोठा करून बघितला. आकड्यांच्या खाली दोन दिवे असतात, एक लुकलुकणारा आणि एक 'अर्थ' लिहिलेला. घरातला प्रवाह कुठेतरी भलतीकडून जातोय, हे सांगायला तो दुसरा दिवा असतो. फोटोत तो लाल पेटलेला होता, स्पष्ट. म्हणजे जुनं मीटरही सांगत होतंच. कोनाड्यात, सायकलीमागे, काही वर्षं रोज. महिन्याला एकदा एजन्सीचा मुलगा येऊन आकड्याचा फोटो काढायचा. त्याला आकडा हवा होता, दिवा त्याच्या कामात बसत नव्हता. आणि आम्ही तर मीटर रूमचं दार दहीहंडीलाच उघडायचो.

पुढच्या महिन्यापासून आमचा वापर पन्नासच्या वर युनिटांनी खाली आला. ३०० च्या काठावर घुटमळणारं घर २४५ वर येऊन थांबलं. हा फायदा स्मार्ट मीटरचा म्हणायचा का? बिलावर त्याची ओळ नाही. पण तासातासाची काडी नसती, तर वडखळच्या ट्रॅफिकमध्ये कोणाला शंका आली असती?

ज्या फायद्याची बिलावर ओळ आहे, तो निराळा. जुलै २०२५ पासून ज्यांच्याकडे हे मीटर आहे त्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. कारण सरळ आहे. राज्यात सौर वीज वाढतेय, शेतीला दिवसा वीज देण्यासाठी एकट्या सौर कृषी वाहिनी योजनेतून १६ हजार मेगावॉटचं लक्ष्य आहे. दुपारी वीज उतू जाते आणि संध्याकाळी सूर्य मावळताना सगळा महाराष्ट्र एकदम बटणं दाबतो, तेव्हा कोयनेचं पाणी सोडावं लागतं. तर दुपारी वापरा, स्वस्तात देतो. बाजार उठतानाची भाजी जशी.

पण दुपारी घरी असतं कोण? मी वागळे इस्टेटला, सकाळी सव्वाआठला निघते ते संध्याकाळी पावणेआठला येते. नवरा त्याच्याही नंतर. लेक कॉलेजात. आमच्या घरची सगळ्यात मोठी भूक म्हणजे एसी, आणि तो लागतो रात्री. मी हिशेब केला. २४५ पैकी दिवसाचे ७०. म्हणजे ५६ रुपये. मग मला चेव चढला. वॉशिंग मशीन रात्री लावायचो ते दुपारी, घरघंटी दुपारी, इस्त्री दुपारी. आकडा १०० वर गेला. सवलत ८० रुपये.

हे सगळं दुपारी करणार कोण, तर सासूबाई. वय ७६. मशीन दोनला लावायचं, साडेतीनला वाजलं की उठायचं, कपडे काढायचे, वाळत घालायचे. त्यांनी तक्रार केली नाही. त्या तर उत्साहात होत्या. पावणेपाचला कामवाल्या मावशींना म्हणायच्या, "आटप गं, सेल संपेल." पण त्यांचं दुपारचं झोपणं गेलं आणि संध्याकाळी गुडघे बोलायला लागले. सवलत माझ्या नावावर, काम त्यांच्या. आणि मिळकत किती? आधीच्या ५६ वरून ८०, म्हणजे वरचे २४ रुपये. अर्धा लिटर दूधही येत नाही. मी दुपारचं मशीन बंद केलं. आता रविवारी सकाळी नऊनंतर लावते, मीच. आमच्या खालच्या मजल्यावर दोघं निवृत्त नवरा-बायको आहेत, त्यांचा निम्म्याहून जास्त वापर दिवसाचा. त्यांना सवलत छान मिळते, हात न हलवता. घरून काम करणाऱ्यांनाही मिळते. लोकलला लटकणाऱ्यांना मीटर स्मार्ट असून फारसा उपयोग नाही. त्यांचा उजेड रात्रीचाच.

लेकीला या सगळ्यात वेगळंच काहीतरी दिसलं. एकदा म्हणाली, "आई, तू रोज पाच-चाळीसला गिझर लावतेस. रविवारी सात-दहाला. आपण गावी गेलो की लगेच सगळं सपाट. हे त्यांना पण दिसत असणार ना?" दिसत असणारच. पूर्वी आमच्या घराबद्दल एवढी माहिती फक्त समोरच्या खिडकीतल्या आजींना होती.

रात्री दोन ते चारच्या काड्या बघताना अजून एक गोष्ट सापडली, ती म्हणजे इन्व्हर्टर. भारनियमनाच्या काळात घेतलेला, जाड बॅटरीवाला. वीज गेली नाही तरी तो दिवसरात्र स्वतःला चार्ज ठेवत बसतो आणि महिन्याला वीसेक युनिट गिळतो. वरच्या टप्प्याच्या दराने ते ८० पैशांच्या सगळ्या सवलतीच्या कितीतरी पुढे जातं. "भारनियमन गेलं, इन्व्हर्टर राहिला," मामा म्हणाले. मी काढायचं ठरवलं. सासूबाई नको म्हणाल्या. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे एकदम वीज गेली होती, तेव्हा आमच्या मजल्यावर फक्त आमचा पंखा फिरत होता. करोनाचे दिवस, सरांच्या मिसेसना दम लागत होता, त्या आमच्याकडे येऊन बसल्या होत्या पंख्याखाली. ते सासूबाईंना लख्ख आठवतं. इन्व्हर्टर अजून आहे. वीस युनिट भरते मी.

मागच्या रविवारी मामा आले होते. मशीन चालू होतं, घरात साबणाचा वास. पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनी पिशवीतून टॉर्च काढली.

"मामा, ॲपवर दिसतं हो सगळं. इथे बसून सांगते."

"असू दे. पाय मोकळे होतील."

जाळीचं दार करकरलं. थोड्या वेळाने जिन्याच्या पोकळीतून त्यांचा आवाज आला, बत्तीस वर्षं कोणा मदतनिसाला सांगायचे तसा, एकेक अंक सुटा, मधे थांबत. मी कालनिर्णयवर रविवारच्या चौकटीत लिहून घेतला. त्यांनी पुन्हा सांगितला. मी पुन्हा ताडून बघितला आणि खाली ओरडून म्हटलं, "लिहिला."

"आणि दिवा?"

"कसा आहे?"

"बंद आहे," ते म्हणाले. मग जिना चढायला लागले.